पाट तुडुंब, वाफे कोरडे

पांझरेच्या काठच्या एका गावात आबांनी तीस वर्षं फडाचं पाटकरीपण केलं. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या चारीला किती वेळ द्यायचं, कोणाचं दारं कधी मोडायचं, हे त्यांच्या शब्दावर चाले. साठी उलटली आणि आबांना मधुमेह निघाला. सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं आणि पोटभर जेवूनही अंगात त्राण नाही.

आबांनी चहातली साखर सोडली, होळीची पुरणपोळीही सोडली. गोळी मात्र आठवली तर घ्यायचे. दोन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त तपासलं, तर साखर 190.

आबा चिडले. "बाई, काल रात्री आठला अर्धी भाकरी खाल्ली. त्यावर पाण्याशिवाय काही नाही. मग ही साखर आली कुठून?"

डॉक्टरबाई गावातल्याच. त्यांनी उलट विचारलं, "आबा, पाट तुडुंब आणि वाफे कोरडे, असं कधी व्हायचं?"

"दारं गाळानं बुजली की."

"आणि बंधाऱ्यावरच्या माणसाला 'पुरे' असा निरोप पोचला नाही तर?"

"तो बापडा पाणी सोडतच राहणार."

"तुमच्या अंगात तेच चाललंय. रक्त हा पाट, साखर हे पाणी. स्वादुपिंडाची दोन माणसं त्यावर राखण करतात. जेवण झालं की इन्शुलिन पेशींची दारं उघडतं आणि उरलेली साखर यकृतात साठवायला लावतं. पोट रिकामं असलं की ग्लुकागॉन यकृताला सांगतं, साठ्यातली थोडी सोड. दोघांचा मेळ असला की उपाशीपोटीची साखर 100 च्या आत राहते. तुमच्याकडे तो मेळ बिघडलाय. इन्शुलिनचं ना पेशी ऐकत, ना यकृत. ग्लुकागॉनलाही कोणी आवरत नाही. म्हणून तुम्ही झोपलात तरी यकृत रात्रभर साखर सोडत राहतं."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाट असा वाहत राहिला तर काठची जमीन चिबडते, बाई. तिथं पुन्हा पीक धरत नाही."

"ती जमीन म्हणजे तुमचे डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा."

"मग गाळ काढायचा कसा?"

"रोज चाला. राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो. आणि गोळी चुकवू नका. ही गोळी यकृताला आवर घालते."

दुसऱ्या दिवसापासून आबा पहाटे बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊ लागले. गोळ्यांची डबी त्यांनी भाकरीच्या टोपलीतच ठेवली, म्हणजे जेवताना हाताला लागावी. तीन महिन्यांनी साखर 124 वर आली. कागदाची नीट घडी घालत आबा म्हणाले, "थोडा गाळ राहिलाय अजून. पण पाणी आता वाफ्यात शिरतंय."

तात्पर्य : नुसतं पाणी तोडून शेत पिकत नाही, दारंही मोकळी ठेवावी लागतात. मधुमेहात पथ्याला रोजच्या चालण्याची आणि वेळेवर घेतलेल्या औषधाची जोड हवीच.