दारवंटा (गीता, अध्याय ४, श्लोक ३४)



तीन दिवस पोस्ट नव्हती, त्याबद्दल माफी. साम्रदला होतो, तिथं रेंज नाही. आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला चौतिसावा. ज्ञान हवं असेल तर ते जाणणाऱ्यांकडे कसं जायचं हे भगवंत अर्जुनाला सांगतात: नमस्कार करून, प्रश्न विचारून आणि सेवा करून. प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. हा श्लोक मला कॉलेजपासून पाठ आहे, आणि त्यातला मधला शब्द माझा फार लाडका. बघा, आपला धर्म प्रश्न विचारायला सांगतो, असं मी किती जणांना ऐकवलं असेल!

रविवारी सांदण दरीत उतरलो. भंडारदऱ्याच्या मागे, रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर जमिनीला एक चीर पडलेली आहे. दोनेक किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांचे कडे, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. एप्रिलच्या उन्हातही आत गारवा. आमचा वाटाड्या गावातलाच, वीसेक वर्षांचा. दोराचं वेटोळं खांद्यावर, पायात साध्या रबरी चपला. सुरुवातीलाच म्हणाला, "दादा, मी पाय ठेवतो तिथंच ठेवा."

माझ्या फोनमध्ये आधी गेलेल्या कुणाचा तरी जीपीएस ट्रॅक होता. (सवय हो. डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा पीत नाही.) त्यामुळे मी त्याला प्रश्न विचारत होतो. इथून डावीकडून का नाही? हा दगड तर पक्का दिसतोय की? पहिला डोह गुडघाभर म्हणालास, मग ब्लॉगवर मांडीभर का लिहिलंय? तो एका शब्दात उत्तर देई आणि पुढे चालू लागे. मला वाटलं, पोराला फारसं माहीत नसावं.

दोन्ही डोह पार केल्यावर भिंती आणखी जवळ आल्या आणि नकाशावरचा निळा ठिपका उड्या मारायला लागला. कधी मी कड्याच्या आत, कधी वर पठारावर. उंच भिंतींवर सिग्नल आपटून येतो, तेव्हा असं होतं. कारण मला माहीत होतं. वाट मात्र माहीत नव्हती. तरीही तो उजवीकडून गेला आणि मी डावीकडच्या मोठ्या दगडावर पाय दिला. दगड हलला. मी बसलो, ढोपर सोलवटलं, ते ठीक. पण त्या दगडाखालचा एक धोंडा सुटून खाली गेला आणि पुढे चाललेल्या त्या मुलाच्या घोट्याला घासून थांबला.

चार बोटं इकडे असता तर काय झालं असतं, हे लिहायला नको. त्यानं घोटा चोळला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "लागलं नाही ना दादा तुम्हाला?"

त्यानंतर मी प्रश्न विचारले नाहीत. पहिल्या रॅपलिंगच्या टप्प्यापर्यंत गेलो. तिथून दरी खाली कोकणात, शहापूरच्या बाजूला उतरते. समोर आजोबाचा डोंगर, जिथं वाल्मीकींचा आश्रम होता असं लोक मानतात. सगळे फोटो काढत होते. मी त्याच्या घोट्याकडे बघत होतो.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगायला जास्त लाज वाटते. परत त्याच्या घरी आलो. पडवीत भरलेला हंडा होता. मी त्यातलं पाणी तांब्यानं घेऊन बुटांचा चिखल धुतला. चार तांबे, पाच तांबे. त्याची आई दारात उभी होती, काही बोलली नाही. उलट चुलीवरची नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवून उठलो तर ती दोन रिकामे हंडे घेऊन निघालेली. नगर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच भागात पडतो, पण कातळावरून तो वाहून जातो, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी उतारावरच्या विहिरीपर्यंत जावं लागतं.

मी म्हटलं, "मावशी, एक हंडा माझ्याकडे द्या." ती हसली, "तुम्हाला नाही जमायचं." नाहीच जमलं. खांद्यावर घेतला, अर्धा अंगावर सांडला. दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तो मुलगाही कळशी घेऊन आला आणि वाटेत, मी काही न विचारता, बोलायला लागला. कड्यावर काळसर रेघ दिसते ती पावसाळ्यातल्या पाण्याची. पावसात आत का जायचं नाही: खालून आभाळाची पट्टीच दिसते, वरच्या डोंगरावर पाऊस झाला तरी कळत नाही, आणि पाणी येतं तेव्हा पळायला जागा नसते. शेवाळलेला दगड बरा, तो वर्षानुवर्षं एका जागी असतो; स्वच्छ धुतलेला, कोरा दिसणारा दगड नुकताच येऊन बसलेला असू शकतो. मी पाय दिला तो तसाच होता. हे सगळं त्याला सकाळीही माहीत होतं. मी विचारत होतो ते माहिती घ्यायला नव्हे, त्याची परीक्षा घ्यायला.

रात्री पडवीत पडल्या पडल्या ज्ञानेश्वरीतला हाच भाग आठवत होतो. गीतेत क्रम आहे नमस्कार, प्रश्न, सेवा. माउली तो क्रम तसाच ठेवत नाहीत. ज्ञानाचं घर आणि सेवा हा त्याचा दारवंटा, असं ते आधी सांगतात. मग तनामनानं, जिवानं पाय धरायचे, गर्व टाकून दास्य करायचं. आणि विचारणं त्यानंतर. मी आयुष्यभर खिडकीतून हाका मारत होतो.

आता बाबांबद्दल. बाबा वारकरी, दहावी शिकलेले, रोज सकाळी पारायण. दिवाळीत घरी पाहुणे असताना मी त्यांना एका ओवीचा अर्थ विचारला. मला अर्थ माहीत होता. त्यांना नीट सांगता आला नाही, ते गप्प झाले, आणि मी शांतपणे, सौम्य आवाजात, सगळ्यांसमोर तो सांगितला. त्यानंतर आमचं बोलणं "जेवलास का" एवढ्यावर आलंय.

सोमवारी परत निघालो. अकोल्याजवळ प्रवरा दिसली. ही रतनगडावर उगम पावते आणि पुढे नेवाशाला जाते, जिथं माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. रेंज आली होती. फोन लावला.

"बाबा, दारवंट्याची ओवी आहे ना चौथ्या अध्यायात. गीतेत सेवा शेवटी आहे, माउलींनी ती आधी का घेतली?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, "गाडी चालवतोयस का?"

"हो."

"मग आधी बाजूला घे."