तूं कोणत्या बाजूचा?

मनुष्य राजकारणांत कोणत्या बाजूचा आहे हें दहा-पंधरा मिनिटांत सांगणाऱ्या प्रश्नावल्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांतील प्रसिद्ध अशा प्रश्नावल्या परदेशांत निघालेल्या आहेत. तरी ज्याच्या हातीं मोबाईल आहे त्यास गांवांत बसूनहि त्या सोडवितां येतात. कांहीं विधानें समोर येतात, प्रत्येकास ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणावयाचें असतें, आणि शेवटीं एका तक्त्यावर ठिपका उमटतो. हा तूं, असें तो तक्ता सांगतो. अशी प्रश्नावली सोडविण्यांत पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या ठिपक्यास आपण किती मान द्यावा, आणि त्यावरून आपल्या भावास किती तोलावें, हा विवेकाचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

प्रथम हें माप कोठून आलें तें पाहावें. ‘उजवे’ व ‘डावे’ ह्या शब्दांचा राजकीय अर्थ सन 1789 मध्यें फ्रान्स देशाच्या राष्ट्रीय सभेंत निघाला. राजास कायदा अडविण्याचा अधिकार असावा असें म्हणणारे सभासद अध्यक्षाच्या उजव्या हातास बसले, व विरुद्ध मताचे डाव्या हातास. एका सभागृहांतील ती बसण्याची सोय पुढें जगांतील मतांची मोजपट्टी झाली. अमेरिकेंतील डेव्हिड नोलन ह्यांस ही एक रेघ अपुरी वाटली. त्यांनीं सन 1971 मध्यें दोन रेघांचा तक्ता मांडला. एक रेघ पैशाच्या व्यवहारांतील स्वातंत्र्याची, दुसरी खासगी आचरणांतील स्वातंत्र्याची. त्यावरून मार्शल फ्रिट्झ ह्यांनीं दहा विधानांची एक लहानशी परीक्षा तयार केली. सन 2001 मध्यें ‘पोलिटिकल कंपास’ ही दुसरी प्रश्नावली इंटरनेटवर आली. तिच्यांत साठांवर विधानें आहेत, आणि ‘मला अजून ठरवितां आलें नाहीं’ असें म्हणावयास जागाच ठेविलेली नाहीं.

नोलन हे अमेरिकेंतील लिबर्टेरियन पक्षाच्या संस्थापकांपैकीं एक होते. सरकारनें पैशाच्या व आचरणाच्या दोन्ही बाबतींत शक्य तितकें दूर राहावें, असें त्या पक्षाचें मत आहे. फ्रिट्झ ह्यांच्या परीक्षेंतील तक्ता हिऱ्याच्या आकाराचा असून त्याचें सर्वांत वरचें टोंक ह्याच मतास दिलेलें आहे. ह्यांत लबाडी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तराजू ज्यानें केला त्याचा हात तराजूस लागलेला असतो, हें वजन करून घेणाऱ्यानें विसरूं नये.

आतां आपल्या गांवचें एक उदाहरण घेऊं. महाराष्ट्रांत गांवच्या स्त्रियांस मतदान करून दारूचें दुकान बंद करवितां येतें. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चित्रें असतात, आणि मतदार स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं आडव्या बाटलीस मत दिलें म्हणजे दुकान उठतें. समजा, जिच्या नवऱ्याची मजुरी दर आठवड्यास त्या दुकानांत जाते अशी एक बाई ही दहा विधानांची परीक्षा देते. नशेच्या पदार्थांवरील कायदे रद्द व्हावे अशा अर्थाचें एक विधान त्या परीक्षेंत आलेलें आहे. ती बाई ‘अमान्य’ म्हणेल, आणि तिच्या स्वातंत्र्याच्या खात्यांतील गुण कमी होतील. परंतु लेकरांच्या भाकरीसाठीं जी बाटली आडवी करिते, ती स्वातंत्र्याची वैरीण काय? तिच्या घराचें स्वातंत्र्य तर त्या बाटलीनेंच हिरावून नेलें होतें. त्याच गांवांत चोरून दारू विकणारा एखादा मनुष्य असेल. उघडें दुकान बंद झालें तर आपला धंदा वाढेल ह्या आशेनें तोहि ‘अमान्य’ म्हणेल. तक्त्यावर दोघांस सारखेच गुण मिळतील. परीक्षा उत्तर मोजते, ‘कां?’ असें ती विचारीत नाहीं. शमुवेल इशायाच्या घरीं गेला तेव्हां त्यास देवानें जें शिकविलें तें हेंच, कीं मनुष्य बाहेरचें पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

तथापि न्यायाची गोष्ट ही, कीं सर्व प्रश्नावल्या एकाच जातीच्या नाहींत. जर्मनी देशांत ‘वाल-ओ-माट’ नांवाची प्रश्नावली सन 2002 पासून निवडणुकीपूर्वी निघते. नागरिकांस राजकीय शिक्षण देणारी सरकारी संस्था ती काढते. तिच्यांतील 38 विधानांस राजकीय पक्ष स्वतः उत्तरें देतात. मतदारानें आपलीं उत्तरें त्यांच्या उत्तरांशीं ताडून पाहावीं, एखादें विधान सोडावें किंवा तटस्थ राहावें, अशी मोकळीक असते. तिलाहि सन 2019 मध्यें कोलोन येथील न्यायालयानें कांहीं दिवस थांबविलें, कारण एका वेळीं आठच पक्ष ताडून पाहतां येत असल्यानें लहान पक्षांवर अन्याय होत होता. चांगल्या तराजूवरहि लक्ष ठेवावें लागतें तें असें. परंतु ही प्रश्नावली पक्षाचें मत उघड करिते, मतदारास नांव देत नाहीं. मोठा भेद आहे तो हाच. आधीं नांव देणें, मग नांवें ठेवणें, हा मनुष्यस्वभाव आहे.

उत्तरें कोणाच्या हातीं पडतात, हेंहि पाहिलें पाहिजे. सन 2014 मध्यें फेसबुकवर स्वभावाची एक चाचणी निघाली. तिच्या द्वारें गोळा झालेली माहिती केंब्रिज अॅनालिटिका ह्या राजकीय प्रचाराचें काम करणाऱ्या कंपनीच्या हातीं गेली, हें सन 2018 मध्यें जगजाहीर झालें. भारतांत ती चाचणी अवघ्या 335 जणांनीं घेतली होती. परंतु त्यांच्या ओळखीच्या मंडळींसह 5,62,455 जणांपर्यंतची माहिती गेली असावी, असें फेसबुकनेंच सांगितलें. एकानें गंमत म्हणून उत्तर दिलें, आणि शेजाऱ्याचें दार उघडलें गेलें.

प्रिय बंधुभगिनींनो, एका शब्दानें मनुष्यास बांधून टाकणें म्हणजे काय, हें तुमच्या आजापणजांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यांच्यांतील पुष्कळांवर जन्मतांच एक शब्द मारला जात असे. पाणी कोठें भरावें, कोठें बसावें, कोणापासून दूर उभें राहावें, हें त्या शब्दावरून गांव ठरवी. मनुष्य कसा आहे हें विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. त्या शब्दाच्या ओझ्यांतून ज्यांस ख्रिस्तानें बाहेर बोलाविलें, त्यांच्या मुलांनातवंडांनीं एकमेकांच्या कपाळीं नवे शब्द मारावे काय? मत मनुष्य स्वतः ठरवितो व जन्म ठरवीत नाहीं, हें खरें. पण शब्द लावून मोकळें होणारा दोन्ही ठिकाणीं मनुष्याकडे सारखीच पाठ फिरवितो.

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावरील परीक्षा सांगितली आहे. पार जाऊं पाहणाऱ्यास गिलादी लोक एकच शब्द उच्चारावयास लावीत. तोंडून ‘श’ निघाला तर तो आपला, ‘स’ निघाला तर एफ्राइमी. त्या वेळीं 42,000 मनुष्यें पडलीं, आणि मारणारे व मरणारे दोघेहि इस्राएलाचेच वंशज होते.

आपल्या प्रभूपुढेंहि अशीच परीक्षा मांडली गेली. परूशी व हेरोदी मिळून आले, आणि कैसरास कर द्यावा कीं न द्यावा असें त्यांनीं विचारलें. ‘द्यावा’ म्हटलें तर लोकांचा द्रोही, ‘न द्यावा’ म्हटलें तर सरकारचा. प्रभूनें नाणें मागितलें, त्यावरील मूर्ति कोणाची हें विचारलें, आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या विवेकाकडे परत धाडला. आणि त्याच्या बारा शिष्यांत कोण होते तें पाहा. राज्यकर्त्यांसाठीं जकात घेणारा मत्तय होता, आणि ज्यास लूक जिलोत म्हणतो तो आवेशी शिमोनहि होता. आजच्या तक्त्यावर त्यांचे ठिपके समोरासमोरच्या कोपऱ्यांत पडले असते. प्रभूनें त्यांस एकाच भोजनास बसविलें.

ह्याचा अर्थ मत देऊं नये, किंवा अन्यायाविरुद्ध बोलूं नये, असा नव्हे. मत जरूर द्यावें. विचार करून, प्रार्थना करून द्यावें. प्रश्नावली सोडविली तर तिच्या शेवटच्या ठिपक्यापेक्षां ज्या विधानापाशीं आपण अडलों त्याचा अधिक विचार करावा. कारण तेथेंच विवेक बोलत असतो. आणि भावाचें मत आपल्याहून निराळें निघालें, तर त्यास नांव देण्यापूर्वी ‘तुला असें कां वाटतें?’ एवढें विचारून त्याचें ऐकून घ्यावें. कॅटेकिस्ट बंधूंनीं तरुणांच्या सभेंत हा विषय अवश्य घ्यावा, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत.

यरीहोजवळ तरवार उपसून उभ्या असलेल्या पुरुषास यहोशवानें विचारलें, कीं तूं आमच्या बाजूचा कीं आमच्या शत्रूंच्या? त्यानें दोहोंपैकीं एकहि बाजू घेतली नाहीं. आपण परमेश्वराच्या सैन्याचा सरदार आहों, एवढेंच तो बोलला. तेव्हां यहोशवानें भूमीवर उपडें पडून नमन केलें, आणि आपणांस काय आज्ञा आहे हें विचारलें. बाजू विचारण्याची वेळ आपणांवर येईल तेव्हां हा दुसरा प्रश्न आपणांस आठवावा.