आकाशाची संहिता आणि संपादकाचा हात

जानेवारी 2024 मध्ये नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आणि विदर्भातील अंधाराला एकाएकी मोल आले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलालगत, दिवाळीनंतरच्या निरभ्र रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखी दिसते. तीच दीर्घिका छायाचित्रात निळसर भुजा, गुलाबी तेजोमेघ आणि काळ्या धूलिरेषा घेऊन अवतरते. मधल्या काळात संगणकावर संपादन झालेले असते. मग सत्य कोणते, ठिपका की चित्र?

‘डोळ्यांना दिसते ते खरे’ हे उत्तर सोपे आहे, पण टिकणारे नाही. मंद प्रकाशात नेत्रपटलावरील ज्या पेशी काम करतात त्यांना रंगभेद कळत नाही. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही तेजोमेघ बहुधा राखाडीच भासतो. जवळ जाऊन पाहावे म्हटले, तर अंतर घटल्याने पसरट वस्तूचा आकार वाढतो, पृष्ठभागाची तेजस्विता मात्र तेवढीच राहते. म्हणजे ज्या मूळ दृश्याशी चित्र ताडून पाहावे, ते मूळ दृश्य मानवी डोळ्यासाठी कोठेच उपलब्ध नाही. अनुकृतीचा सिद्धांत येथे लंगडा पडतो.

अशा वेळी चित्रमीमांसेपेक्षा पाठचिकित्सा अधिक उपयोगी ठरते. 1966 साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेच्या संपादकांसमोर व्यासांची प्रत नव्हती. होत्या त्या परस्परांशी न जुळणाऱ्या शेकडो पोथ्या. छायाचित्रकाराचेही तसेच असते. आकाशाच्या एकाच तुकड्याची, समजा, पाच-पाच मिनिटांची शंभर छायाचित्रे त्याच्यापाशी असतात आणि प्रत्येक प्रत भ्रष्ट असते. ती एकावर एक रचून मिळवली की संकेत शंभरपट होतो, यादृच्छिक गोंगाट मात्र दहापटच वाढतो. विमानाची रेघ एकाच प्रतीत आढळते म्हणून गळते. उरलेल्या नव्व्याण्णव प्रती तिच्याविरुद्ध साक्ष देतात. दुर्बिणीचे झाकण लावून घेतलेल्या चित्रांवरून कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता वजा करतात, समप्रकाशित पटलाच्या चित्रांवरून भिंगावरील धुळीचे डाग. हे सारे लेखनिकाचे प्रमाद आहेत. ते काढण्याला कोणी असत्य म्हणणार नाही.

यापुढे वाट निसरडी होते. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली, असे परंपरा सांगते. शुद्ध करणारा हात आणि भर घालणारा हात एकाच माणसाचा असू शकतो. म्हणूनच तर ताकीद लागते. ‘फोटोशॉप’मधील वक्ररेषेने अंधुक भाग उजळताना तेजाची प्रमाणे बदलतात, पण रेषा चढतीच ठेवली तर क्रम बदलत नाही: जे अधिक तेजस्वी होते ते तसेच राहते. रंगांचे तसे नाही. हबल दुर्बिणीने 1995 साली टिपलेल्या गरुड तेजोमेघातील ‘निर्मितीच्या स्तंभां’त गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. वास्तविक त्या हायड्रोजनचा प्रकाशही लालच असतो. येथे रंग हे सादृश्य राहत नाही, ते चिन्ह होते. नकाशातील हिरवा रंग पाहून कोणी तेथे गवत शोधत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या चित्रांत तर डोळ्याला दिसणारा रंग मुळातच नाही. जो असेल तो सर्वस्वी दिलेला.

सेवाग्रामच्या परिसरात बसून ‘सत्य’ हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. गांधींना 1932 साली येरवड्याच्या तुरुंगात तारादर्शनाची गोडी लागली होती, हा योगायोग बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की सत्याला त्यांनी ‘प्रयोग’ हा शब्द जोडला. प्रयोगाची अट अशी की कृती उघड असावी आणि दुसऱ्याला ती करून पाहता यावी. रंगांची किल्ली सांगितलेले चित्र या अटीवर उतरते. किल्ली लपवून ‘हे असेच दिसते’ म्हणणारे चित्र, त्यातला प्रत्येक बिंदू मोजलेला असला तरी, उतरत नाही.

परंतु प्रकटीकरणाने सारे सुटते असे मानणे भाबडेपणाचे होईल. लक्षावधी चित्रांवर शिकवलेली आजची सॉफ्टवेअर अस्पष्ट धाग्याला रेखीव करताना तो धागा इतर तेजोमेघांच्या सवयीवरून पुरा करतात. कोणती ओवी मूळची आणि कोणती भरीची, हे तेथे खुद्द संपादकालाच सांगता येत नाही. मग तो उघड तरी काय करणार?

2022 साली काही हौशी छायाचित्रकारांना देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक विस्तीर्ण, अतिशय फिकट कमान आढळली. जानेवारी 2023 मध्ये ती प्रसिद्ध झाली. देवयानी हा आकाशातील सर्वाधिक छायाचित्रित विषयांपैकी एक, तरी ही कमान पूर्वीच्या कोणत्याही चित्रात ओळखली गेली नव्हती. अशा आगंतुक उजेडाला प्रथमदर्शनी यंत्रातील परावर्तनच समजावे लागते. शंभराहून अधिक तासांचा प्रकाश साठवून आणि वेगवेगळ्या दुर्बिणींतून पडताळून मगच ती स्वीकारली गेली. स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांत एकच पाठ सापडावा तसे हे झाले. अवघड पाठ हाच बहुधा मूळचा, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र आहे, आणि लेखनिक नेमका तोच सोपा करून टाकतो. पार्श्वभूमी एकसारखी काळी करण्याची सोय संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहज हाताशी असते. ती थोडी जोराने चालवली असती, तर देवयानीचे चित्र अधिक देखणे झाले असते आणि कमान त्यातून पुसली गेली असती.