छप्पर नसलेल्या भिंती



गेल्या वर्षी आपण तीर्थयात्रेला जुन्या गोव्यात गेलो होतो. संत अगस्तीनच्या पडक्या मठापुढे आपल्यातल्याच एका मुलाने आम्हाला विचारले, "फादर, हे अजून चर्च आहे का?" बस सुटायची घाई होती. उत्तर राहून गेले.

अगस्तीन संघाच्या संन्याशांचे हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवून दिले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा गेला. उरला तो जांभ्या दगडाचा उंच सुळका आणि उघड्या भिंती. घंटा तेवढी पणजीच्या चर्चमध्ये सुखरूप आहे.

सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. तो म्हणतो, देहापासून तुटलेला हात हा नावापुरताच हात. त्या न्यायाने जिथे मिस्सा नाही, माणसे नाहीत, ते नावापुरतेच चर्च. मुलाला आम्ही हेच सांगितले असते, आणि ते अर्धवट ठरले असते.

जॉर्जियाची राणी केतेवान हिने श्रद्धा सोडायला नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून मारले. ती ऑर्थोडॉक्स, आपल्या पंथाची नव्हे. तरी अगस्तीन संन्याशांनी तिच्या अस्थी गोव्याला आणून या मठात ठेवल्या. कोणत्या खिडकीपाशी, ते जुन्या कागदांत लिहिलेले होते. पण खिडकी ओळखायची तर भिंत हवी! २००५ मध्ये पुरातत्त्व खात्याला तिथे हाड सापडले. हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हाती दिला. ओस मठाने परक्यांची ठेव अशी सांभाळली होती.

आता आपल्या घरचे. चर्चमागची धर्मशिक्षणाची जुनी खोली पाडून गाड्यांना जागा करावी, अशी सूचना आली आहे. छप्पर गेलेच आहे. भिंतीची माती मुलांच्या अंगावर पडणार असेल, तर ती पाडणे हे आमचे कर्तव्यच आहे. दगडासाठी आम्ही मूल धोक्यात घालणार नाही. पण "तिचा आता उपयोग काय?" एवढ्यावरच निर्णय घ्यायला आमचे मन धजत नाही. १८३५ मध्येही कुणीतरी हेच म्हटले असेल.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक आहे. इंजिनियर भिंत पाहून सांगतीलच. त्या खोलीत जे शिकले, त्या आजी-आजोबांनी जरूर यावे आणि मत घेण्याआधी बोलावे. त्या मुलालाही आम्ही बोलावले आहे.