आधी रोगट झाड दाखवा

आमच्या सोलापूरकडं पूर्वी सावड असायची. आज चार बैलजोड्या माझ्या रानात, उद्या त्याच जोड्या तुझ्या रानात. घरोघरी ट्रॅक्टर आले आणि सावड गेली. ज्याचं त्यानं बघावं, ही रीत झाली. डाळिंबाला पैसा मिळायला लागल्यावर तर बांधाला बांध लागून असलेला भाऊबंदही दुसऱ्याला औषधाचं नाव सांगेना. मीही त्यातलाच.

एका वर्षी मृग बहार धरला होता. पावसाची झड लागून राहिली आणि पानांवर तेलकट डाग दिसले. फळावर काळा ठिपका आणि त्यातून चीर. तेल्या आला हे मी ओळखलं. पण लोक माझी बाग बघायला यायचे, व्यापारी दोन दिवसांवर आला होता. डागी फळं पहाटेच तोडून खड्ड्यात पुरली. कुणाला बोललो नाही.

तेवढ्यात चुलतभाऊ आला. म्हणाला, "दादा, तुमच्या बागेतल्या गुट्या द्या. नवीन लागण करायचीय." नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. मी गुट्या दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या बागेत तेल्या दिसला. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. शेवटी त्यानं झाडं उपटून बांधावर पेटवली. तो धूर माझ्या घरापर्यंत आला. त्या रात्री मी जाऊन सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी नशिबाला बोल लावत होतो, दादा."

सोलापूरला 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. तिथं सांगतात ते अवघड नाही : रोप निरोगी घ्या, कात्री औषधाच्या पाण्यात बुडवा, पडलेली डागी फळं बागेत ठेवू नका. पण हे एकट्यानं करून भागत नाही. वारा-पाऊस बांध ओळखत नाही. म्हणून आम्ही नऊ जणांनी गट करायचं ठरवलं.

पहिल्या बैठकीला सगळे आपापल्या चांगल्या मालाचं सांगत बसले. मग मी उठलो आणि गुट्यांची गोष्ट सांगितली. चुलतभाऊ समोरच बसला होता. दोघं उठून गेले. बाकीचे गप्प. थोड्या वेळानं एक म्हातारा म्हणाला, "माझ्याबी खालच्या तुकड्यात हाय. चला, दाखवतो." तिथून गट सुरू झाला, असं मी धरतो. नियम एकच : ज्याच्या बागेत फेरी, त्यानं आधी सगळ्यात वाईट झाड दाखवायचं.

एका पोरानं विचारलं, "सगळ्यांचाच माल चांगला निघाला तर भाव पडंल की?" खोटं कशाला बोलू, कधी कधी पडतो. पण जिथं भरून गाडी निघते तिथंच व्यापारी स्वतः येतो, हेही खरं. आणि रोग सगळ्या शिवारात पसरला तर भावाची गोष्ट करायची कुणी?

गट आम्ही आपापल्या फायद्यासाठीच केला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझं यश किती माझं, हा प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. सावडीत माणूस दुसऱ्याला बैल द्यायचा, अंगमेहनत द्यायचा. ते देणं सोपं होतं. आपली चूक वेळेवर सांगणं हीसुद्धा मदतच, आणि ती बैलजोडीपेक्षा महाग पडते. आपली इज्जत खर्ची घालावी लागते. मी ती वाचवली, आणि तिची किंमत भावानं भरली.

त्यानं परत डाळिंब लावलं नाही. त्या रानात आता ज्वारी असते. तरी फेरीला येतो, सगळ्यांच्या आधी पानं उलटी करून बघतो. माझ्या बागेत आला की मी न विचारता त्याला वाईट झाडापाशी नेतो.