खुनी सापडल्यावर

रहस्यकथा वाचणाऱ्या बाईकडं आपल्यात जरा वेगळ्या नजरेनं बघतात. आत्मचरित्र वाचलं तर कौतुक, कौटुंबिक कादंबरी वाचली तर चालून जातं, पण खुनाचं पुस्तक हातात दिसलं की, "तुला रात्री झोप कशी लागते गं?" आमच्या जाऊबाईंनी तर याहून नेमकं विचारलं होतं. म्हणाल्या, "कुणाच्या तरी घरचं माणूस गेलंय, आणि तू चहा पीत पानं उलटतीस. बरं वाटतं का तुला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या लोकांनी चोरकथेला विकथेत बसवलं ते काही उगीच नाही. आपण मारलं नाही, मारायला लावलं नाही, पण कुणी मारलं हे वाचताना मनातून 'हं, मग पुढं?' म्हटलं, तर ते अनुमोदन झालं की नाही? बाबूराव अर्नाळकरांच्या हजारभर रहस्यकथा महाराष्ट्रानं चवीनं वाचल्या. त्या वाचकांपैकी कुणी खुनी झाला नाही, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. प्रश्न आपण खुनी होऊ का हा नाहीच. दुसऱ्याचं दुःख आपण कशासाठी वापरतो, हा आहे.

सगळ्या रहस्यकथांची वकिली मी करणार नाही. बऱ्याचशा पुस्तकांत मेलेला माणूस म्हणजे एक सोय असते. पहिल्या प्रकरणात तो पडतो, त्याची बायको दोन ओळी रडते आणि मग हुशार माणसं कामाला लागतात. पण काही पुस्तकं अशी असतात की त्यांत खुनाचा तपास हे निमित्त असतं आणि खरी गोष्ट मागं उरलेल्या माणसांची असते. अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांच्या मुलखात घडणाऱ्या ज्या कादंबऱ्या मला आवडतात, त्या या जातीच्या आहेत.

हा मुलूख अलास्काच्या आग्नेय टोकाला. शेकडो बेटं, देवदारासारखी उंच झाडं, सालमन मासे, अस्वलं आणि सारखा पाऊस. आपल्या आंबोलीला चार महिने जे असतं ते तिथं जवळजवळ बारमाही. तिथल्या सिटका गावात जॉन स्ट्रेली नावाचे लेखक राहतात. ते स्वतः वकिलांसाठी तपासनीस म्हणून काम करत. 1992 साली त्यांची पहिली कादंबरी आली, 'द वुमन हू मॅरीड अ बेअर', म्हणजे अस्वलाशी लग्न केलेली बाई. पहिल्या गुप्तहेर कादंबरीसाठीचा शेमस पुरस्कार तिला मिळाला.

तिची सुरुवातच उलटी आहे. एक म्हातारी ट्लिंगिट बाई आहे. तिचा मुलगा शिकाऱ्यांना जंगलात घेऊन जाणारा वाटाड्या होता, त्याचा खून झाला. खुनी सापडला, खटला झाला, शिक्षा झाली, तो तुरुंगात आहे. कायद्याच्या हिशेबानं वही बंद. आणि ही आजीबाई सेसिल यंगर नावाच्या एका दारुड्या, घसरलेल्या गुप्तहेराला बोलावते आणि सांगते, माझ्या मुलाचं काय झालं ते शोध. कुणी केलं ते तिला सांगितलंय सगळ्यांनी. तिला का झालं ते पाहिजे, आणि सगळं पाहिजे. (शेवट सांगत नाही, कुणाला वाचायचं असेल.)

मला या आजीबाईचं म्हणणं फार पटलं. आपल्याकडंही अपघातात मुलगा गेलेली आई पोलिसांचे कागद आले तरी विचारत राहते, त्या दिवशी तो त्या रस्त्यानं गेलाच का? घरचे म्हणतात, आता नको तो विषय. पण तिला नुसती माहिती नको असते. कुणीतरी शेजारी बसून सगळं पहिल्यापासून सांगावं, एवढंच तिचं मागणं असतं.

पुस्तकाचं नाव ज्या लोककथेवरून घेतलंय, ती ट्लिंगिट आणि त्यांच्या शेजारच्या लोकांत सांगतात. रानात बोरं वेचायला गेलेली मुलगी अस्वलाच्या विष्ठेवरून घसरते आणि रागानं अस्वलांना नावं ठेवते. एक देखणा तरुण भेटतो, तिला घेऊन जातो. तो अस्वल असतो. तिला मुलं होतात. मग तिचे भाऊ कुत्री घेऊन शोधत येतात. ते येणार हे नवऱ्याला कळलेलं असतं. तो लढत नाही. आपल्या मेलेल्या अंगावर कोणती गाणी म्हणायची ते बायकोला शिकवतो आणि मरणाला सामोरा जातो. बाई मुलांना घेऊन माहेरी येते, पण ती आता पुरती माणसांतली राहिलेली नसते. सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते, तरी मधला सल तोच. भावांनी बहिणीला सोडवलं की बहिणीचा नवरा मारला? इथं गुप्तहेर बोलावून काय उपयोग? मारणारे कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातला एकही वाईट नाही. सासर-माहेरच्या मधे उभं राहणं म्हणजे काय हे ज्या बाईला माहीत आहे तिला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट कुश्टाकाची. कुश्टाका म्हणजे पाणमांजर-माणूस. समुद्रात बुडालेल्या किंवा रानात वाट चुकलेल्या माणसाला ही मंडळी नातेवाइकांच्या रूपात भेटतात, 'चल घरी' म्हणतात आणि आपल्यातलं करून टाकतात. भयकथा लिहिणाऱ्यांनी याचं सरळ भूत करून टाकलंय: शीळ ऐकू येते, लहान मूल रडल्याचा आवाज येतो, कुणीतरी बाहेर जातं, संपलं. नारायण धारप वाचलेल्यांना ती भीती ओळखीचीच वाटेल. पण मला त्यात भुतापेक्षा दुसरंच दिसतं. रोज दर्यावर जाणाऱ्या लोकांत एखाद्याचं प्रेत सापडतच नाही. मग तो मेला म्हणायचं की नाही? त्याच्याच आवाजात कुणी अंधारातून हाक मारली तर ओ द्यायची की नाही? ज्या घरात कुणी बेपत्ता झालंय, त्या घरी विचारून बघा. दाराची कडी वाजली की पंधरा वर्षांनीसुद्धा छातीत धस्स होतं. रहस्यकथेतली उत्कंठा म्हणजे करमणूक, असं आपण धरून चालतो. काही लोकांना ती आयुष्यभर भोगावी लागते.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती सांगितली पाहिजे. ट्लिंगिटांत कथा आणि गाणी ही कुळांची मालमत्ता असते. दुसऱ्या कुळाची गोष्ट विचारल्याशिवाय सांगणं म्हणजे शेजारणीचे दागिने न विचारता घालून लग्नाला जाणं. बाहेरचे लेखक हे दागिने सर्रास घालतात. नोरा मार्क्स डाउनहाउर ही ट्लिंगिट लेखिका आणि तिचा नवरा रिचर्ड यांनी जे मौखिक साहित्याचे ग्रंथ केले, त्यांत सांगणाऱ्याचं नाव आहे आणि त्याचं कुळही आहे. कादंबरी वाचून झाल्यावर ते ग्रंथ उघडावेत, असं मी सांगेन. 1990 साली निघालेल्या एका ग्रंथात 1968 मध्ये हूनाह गावी झालेल्या स्मृतिसमारंभातली भाषणं आहेत, आणि त्यांतलं मुख्य भाषण जेसी डाल्टन या बाईंचं आहे.

या समारंभाला त्यांच्या भाषेत कू-ईख म्हणतात. ट्लिंगिट समाजाच्या दोन बाजू: डोमकावळ्याची आणि गरुडाची. लग्न समोरच्या बाजूतच करायचं, आणि मुलं आईच्या बाजूची. घरात कुणी गेलं की त्याच्या कुळानं फक्त शोक करायचा. प्रेताचं सगळं काम समोरची बाजू करते. वर्षभरानं, कधी त्याहून उशिरा, दुःखातलं कुळ समोरच्यांना बोलावतं, जेवण घालतं, भेटी देतं. आधी शोकाची गाणी होतात. मग समोरची माणसं आपल्या पूर्वजांची चिन्हं असलेली वस्त्रं पांघरून उभी राहतात आणि बोलून बोलून यांचं दुःख काढून घेतात. त्यानंतरच हसायला, नाचायला परवानगी.

वाचता वाचता मला आपला कडू घास आठवला. भावकीला सुतक, चूल बंद, आणि घास घेऊन येणार ते सोयरे. दुखवट्याचं लुगडं-टोपीही तेच आणणार. दुःखातनं आपलं आपण उठायचं नसतं, पलीकडच्यांनी येऊन उठवायचं असतं, हे आपल्या आज्ज्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. आता केटररला फोन लावला की झालं. सोय झाली हे खरंच आहे, मी नाक मुरडत नाही. फक्त त्या डब्याबरोबर शेजारी बसणारं कुणी येत नाही.

मरणाच्या हिशेबाची त्यांची ही रीत एकदा सरकारच्या कायद्यावर आदळली. 1882 साली अँगून गावचा एक ट्लिंगिट वैदू व्हेल पकडणाऱ्या कंपनीच्या बोटीवर कामाला होता. हार्पूनच्या बंदुकीचा स्फोट होऊन तो गेला. मुद्दाम कुणी मारलं नव्हतं, पण त्यांच्या रीतीनं अपघातालाही भरपाई असते. गावानं काम थांबवलं, शोक धरला आणि कंपनीकडं 200 घोंगड्या मागितल्या. कंपनीनं हे बंड समजून अमेरिकन नौदलाला बोलावलं. नौदलानं उलट गावालाच 400 घोंगड्यांचा दंड केला. तो पुरा भरला गेला नाही म्हणून 26 ऑक्टोबरला तोफा डागल्या, घरं जाळली, होड्या फोडल्या, हिवाळ्याचं साठवलेलं अन्न नष्ट केलं. गावाच्या सांगण्याप्रमाणे त्या धुरात 6 मुलं गेली.

या गोष्टीत शोधायला काहीच नाही. जहाजं कुणाची, हुकूम कुणाचा, तारीख कोणती, पहिल्या पानापासून सगळं ठाऊक. 1973 साली सरकारनं 90,000 डॉलर दिले. पैसे आले तरी गावाचं समाधान झालं नाही. दर वर्षी त्या दिवशी कुळांचे म्होरके जमत आणि तीनदा विचारत, नौदलाकडून माफी मागायला इथं कुणी आलंय का? विचारून थोडा वेळ गप्प उभे राहत. विचारणारे म्हातारे होऊन गेले, त्यांचे भाचे विचारू लागले. 2024 च्या 26 ऑक्टोबरला, 142 वर्षांनी, नौदलाचा अधिकारी अँगूनला आला आणि गावासमोर उभं राहून त्यानं माफी मागितली.