खांद्यावरचा हात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली; त्या समुदायाचा आकडासुद्धा ग्रंथागणिक बदलतो, तेव्हा घरोघरच्या आठवणींत अतिशयोक्ती शिरली तर नवल नाही. प्रश्न आहे तो अशा आठवणीवर वाढलेल्या मुलाचा. कल्पना अशी, की एक पिता दर विजयादशमीला सांगतो, त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढे पुत्राला काकांकडून कळते, की दोघे भाऊ पोचले तेच दुसऱ्या दिवशी, आणि उशिरा आलेल्यांना १५ ऑक्टोबरला दिलेल्या दीक्षेच्या वेळी ते कुठेतरी मागे उभे होते.

पुत्र दीक्षेचाच आधार घेऊन आक्षेप मांडतो. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात मुसावादापासून, म्हणजे असत्य बोलण्यापासून, दूर राहण्याचे शील आहे, आणि मज्झिमनिकायात, म्हणजे सुत्तांच्या (बुद्धाच्या उपदेशांच्या) एका संग्रहात, तर बुद्ध खुद्द आपल्या मुलाला, राहुलाला, थट्टेतही खोटे बोलू नये असे बजावतात. (हा उपदेश भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावा, असे अशोकाने बैराटच्या लेखात आवर्जून सुचवले आहे.)

पित्याचे उत्तर दुबळे नाही. फसवण्याच्या हेतूवाचून मुसावाद पुरा होत नाही, हे अट्ठकथांचे, म्हणजे सुत्तांवरील जुन्या टीकाग्रंथांचे, विश्लेषण तो पुढे करतो आणि विचारतो, “ज्यांचे नाव कोणत्याच दप्तरात नव्हते, त्यांनी पोराला ताठ मानेने शाळेत धाडायचे ते कशाच्या बळावर?”

“मान ताठ राहिली, बाबा, पण त्या हाताला शोभेल असे काही पोराकडून घडले नाही, ही बोचही राहिली. मागे उभ्या असलेल्या माणसाचा मुलगा होणे सोपे गेले असते.”

येथे पुत्राचे पारडे जड वाटते, कारण तो सोहळा मागच्या रांगांनीच घडवला होता आणि पित्याने स्वतःला पुढे सरकवताना नेमकी तीच जागा हलकी ठरवली. शिवाय दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचा बाबासाहेबांनी सविस्तर खुलासा केला तो १५ ऑक्टोबरच्या भाषणात. ते भाषण पित्याने कानांनी ऐकले असणार, पण खांद्यावरच्या हाताने घरात त्याला जागाच उरू दिली नाही.

पुत्र ते भाषण सांगण्याचा आग्रह धरतो. पिता विचारतो, “नातू ऐकेल का ते?” आणि नातवाने हाताची गोष्ट आधीच वर्गात सांगून टाकलेली असल्यामुळे पुत्राला होय म्हणता येत नाही.